झिजलेले गवत

आयोवातील त्या छोट्या मैदानावर, कुंपणाच्या तीस पावले अलीकडे, हातभर गवत कायमचे झिजलेले होते. अ‍ॅम्ब्रोज टिल्मन अकरा हंगाम तिथेच उभा राहत आला होता. बेसबॉलमधील मधल्या राखणदाराची ती जागा.

त्या सकाळी व्यवस्थापक हॅस्केलने त्याला बाजूला घेतले.

"दुखरा गुडघा तुझा, पण संघ माझा आहे, अ‍ॅम्ब्रोज. आज तुझ्याकडून एकही चेंडू सुटला नाही, तर हंगामभर मधली जागा तुझी. नाहीतर उद्यापासून तिथे पेगेरो आणि तू डावीकडे."

उजव्या बाजूचा पेगेरो मैदानात उतरताना हसला. "म्हातारबा, दमलास तर हाक मार. खुर्ची आणून देतो."

"आधी स्वतःच्या बुटाची नाडी बांध."

कुंपणाकडच्या तिन्ही राखणदारांचा, डावा, मधला आणि उजवा, नियम एकच होता: मधला "माझा!" ओरडला, की इतरांनी वाट सोडायची. अ‍ॅम्ब्रोजने हा शब्द आजवर कधी मागे घेतला नव्हता.

नवव्या, शेवटच्या डावात संघ एका धावेने पुढे होता. समोरच्यांचा एकच गडी बाद व्हायचा उरला होता. तेवढ्यात अ‍ॅम्ब्रोज आणि पेगेरो यांच्या मधोमध उंच फटका आला. बॅटच्या आवाजावरच अ‍ॅम्ब्रोज धावत सुटला.

"माझा!"

पेगेरोने वेग आवरला. नजर मात्र चेंडूवरून काढली नाही. दहाव्या पावलाला अ‍ॅम्ब्रोजच्या गुडघ्यात कळ आली. दोन पावले कमी पडणार, हा त्याचा अंदाज पक्का होता. उडी घेतली असती, तर पडूनही टाळ्या मिळाल्या असत्या.

"तुझा! पेगेरो, तुझा!"

पेगेरो झेपावला, गवतावरून घसरत गेला आणि चेंडू झेललेला हातमोजा वर धरूनच उठला. सामना जिंकला होता.

सगळे पांगल्यावर हॅस्केल जवळ आला. "चेंडू तर सुटला नाही. मी शब्द पाळीन."

"माझ्याकडून सुटला," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. "उद्या मी डावीकडे."

दुसऱ्या दिवशी पेगेरो मध्ये गेला खरा, पण त्या झिजलेल्या गवतापासून चार पावले दूर उभा राहिला. डावीकडून हाक आली.

"अरे, तिथे काय करतोस? जागेवर उभा राहा!"

"ती तुझी जागा आहे, म्हातारबा."

"अकरा वर्षं लागली मला ती शोधायला. आता पुन्हा शोधत बसू नकोस."

पेगेरोने टोपी सारखी केली आणि त्या उघड्या मातीवर दोन्ही पाय रोवले.