पंचवीस तारखेचे पाहुणे

वरची खोली कोरियाच्या जोडप्याला दिली तर आपल्या पदरात काय काय पडेल, याचा हिशेब धोंडबा रामटेक्यानं जिना उतरता उतरताच मांडून टाकला. पहिलं म्हणजे रुबाब. हुडको कॉलनीत आजवर कोणाच्या घरी परदेशी भाडेकरू राहिला नव्हता. दुसरं, विहाराच्या समितीचं अध्यक्षपद. त्या खुर्चीवर नत्थू गजभिये इतकी वर्षं बसला होता की खुर्चीलाच त्याचा आकार आला होता. पण बुद्धाच्या देशातले पाहुणे ज्याच्या घरी उतरले, त्याला समाज आता डावलणार कसा? तिसरं, सून सुजाताला घरबसल्या इंग्रजी. चौथी जमा मागाहून पडली, आणि तीच सगळ्यांत मोठी निघाली.

बुद्धाच्या देशातले, हे ठरवलं धोंडबानंच. दीक्षाभूमीवर, बोधगयेला त्यानं अशाच चेहऱ्यांचे भंते पाहिले होते, हसरे, चीवर पांघरलेले. शिवाय पहिल्याच दिवशी दोघं उंबऱ्यात उभे राहिले आणि कमरेतून असे वाकले की पाठीवर ताट ठेवलं असतं तर हललं नसतं. धोंडबाच्या मागच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. कोरियात वडीलधाऱ्या माणसापुढे तसं वाकतात. ते वाकले धोंडबाच्या पांढऱ्या केसांना. धोंडबानं तो नमस्कार भिंतीच्या नावावर जमा केला.

"बुद्ध? आपके यहाँ बुद्ध?" त्यानं विचारलं.

"हाँ हाँ," जिनसू म्हणाला. "मेरी दादी, बुद्ध मंदिर. रोज."

दादीचं खरं होतं. स्वतःचं तो बोलला नाही, आणि धोंडबानं पुढे विचारलं नाही. दोघांनी आपापल्या सोयीचं तेवढं ऐकलं आणि चहा घेतला.

खरं असं होतं की जिनसू आणि त्याची बायको हेरिम येशूचं नाव सांगायला आले होते. आले फिरायच्या व्हिसावर, सकाळी सिविक सेंटरच्या एका क्लासात कोरियन शिकवत. सीरियल बघून बघून वेड्या झालेल्या पोरी तिथं गर्दी करायच्या. भाषा सगळ्यांना हवी होती, येशूचं मात्र कोणी विचारेना. रविवारी तिकडच्या चर्चची मंडळी फोनवर विचारायची, कोणी ऐकलं का? जिनसू म्हणायचा, दार उघडतंय. दार उघडत बिघडत नव्हतं. त्यालाही कुठलंतरी दार दाखवायचंच होतं, धोंडबाला पाहुणे दाखवायचे होते तसंच.

आता चौथी जमा.

धोंडबाची बायको भीमाबाई. स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमधून रिटायर झाल्यावर धोंडबानं तिच्यासोबत लुंबिनी, सारनाथ करायचं ठरवलं होतं, आणि त्याच वर्षी तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, त्याहून वाईट म्हणजे बोलणं गेलं. सगळ्याला एकच उत्तर, "ना." भूक लागली? ना. पंखा लावू? ना. जन्मभर तिनं धोंडबाला नावानं हाक मारली नव्हती. "अवो" म्हणायची. आंघोळीला पाणी काढलं तरी अवो, भांडायचं असलं तरी अवो. धोंडबा या हाकेला तेव्हा वैतागायचा. आता दुपारी सुनं घर खायला उठलं की तो तिच्या खोलीकडे कान लावून बसायचा.

हेरिम तिकडे असल्याच आजाऱ्यांचे हातपाय चालवायची नोकरी करत होती. एक दिवस ती खाली आली, भीमाबाईची मिटलेली मूठ तिनं हातात घेतली आणि एकेक बोट उघडायला लागली. तिच्या भाषेत आईला जवळपास अम्माच म्हणतात, म्हणून ती भीमाबाईला अम्मा म्हणे. बोलता येत नाही त्याला कधीकधी गाता येतं, असं तिनं सुजाताला मोडक्या हिंदीत समजावलं. झोपाळ्यासारखी हेलकावणारी एक चाल होती तिची. त्या चालीवर ती घरातलेच शब्द बसवायची. पा-णी. चा-य. सु-जा-ता.

दिवाळीनंतर एका दुपारी भीमाबाईनं गाऊन पाणी मागितलं.

धोंडबा तांब्या घेऊन धावला तो अर्धा रस्त्यातच सांडला.

"बाबूजी, आता तुमचं नाव घ्याले लावते का?" सुजाता हसली.

"नाव कावून? अवो शिकव म्हणावं. तेवढं एक."

आणि हेरिम अवो शिकवायला लागली. रोज दुपारी. भीमाबाई "अ" पर्यंत यायची, ओठ गोल करायची आणि दमून थांबायची. धोंडबा दाराआड उभा राहून तिच्यासोबत ओठ गोल करायचा.

सुजाताला एक गोष्ट कळली होती. रविवारी वरून हीच चाल ऐकू यायची, पण शब्द दुसरे, आणि त्यात येशू. तिनं ते पोटात ठेवलं. नवरा अमरदीप कुम्हारीच्या कारखान्यात, घरी यायचा तो झोपायला. सासूचं सगळं तिच्याच हातून. सासू पाणी मागते आहे, तर चाल कोणाची याची चौकशी कोण करतो?

डिसेंबर लागला. पंचवीस तारखेला विहारात मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम असतो. धोंडबानं समितीच्या बैठकीत जाहीर करून टाकलं, या वर्षी प्रमुख पाहुणे आमच्या घरचे.

"भाषण हिंदीत देतीन का कोरियनमध्ये?" नत्थूनं विचारलं. "नाही म्हणजे, टाळ्या कुठी वाजवाच्या ते आमाले आधी सांगून ठेवजो."

"तू खुर्ची पुसून ठेव नत्थू. पाहुण्याले लागंल. मंग मलेही लागंल."

घरी येऊन त्यानं वरच्यांना सांगितलं, "पच्चीस तारीख. बड़ा कार्यक्रम. सब लोग आएँगे. आप बोलना."

दोघं एकमेकांकडे पाहतच राहिले. पंचवीस डिसेंबर! परक्या देशात, घरापासून इतक्या दूर, जिथं सणाला केकचा तुकडा वाटायला माणूस नाही, तिथं घरमालक स्वतः येऊन म्हणतो, सगळ्यांसमोर बोला. हेरिमच्या डोळ्यांत पाणी आलं. जिनसूनं हातानं चांदणीचा आकार काढून विचारलं, "स्टार? ऊपर लगाएँ?"

"लगाओ, लगाओ. कार्यक्रम तो अपना है."

सुजाताचा हात पोळपाटावर थांबला. सांगावं का? पण सांगितलं तर उद्या दुपारी हेरिम खाली येणार नाही, आणि अवो "अ" वरच राहील. तिनं पोळी लाटली.

पंचवीसला दुपारी विहार भरलेला. भीमाबाईला चाकाच्या खुर्चीत पहिल्या रांगेत बसवलं होतं, पांढरं लुगडं नेसवून. बायको बरी होते आहे हेही समाजाला दिसायला हवं होतं. धोंडबानं सुजाताच्या हातात स्वतःचा मोबाइल दिला. "फेसबुकवर लाइव्ह लाव. नागपूरच्या पाहुण्याइलेही दिसलं पाहिजे."

"बाबूजी, लाइव्ह नको. नुसतं रेकॉर्ड करतो ना."

"लाव म्हणतो तं लाव."

वंदना झाली. जिनसू उठला, वाकला आणि खणखणीत "जयभीम" म्हणाला. टाळ्यांनी पत्रे हलले. धोंडबानं नत्थूकडे पाहिलं. मग जिनसूनं पाठ केलेली हिंदी सुरू केली.

"आज बहुत ख़ुशी का दिन है. आज के दिन हमारे लिए येशू पैदा हुआ. वो ग़रीब के घर पैदा हुआ. वो आप सबको बुलाता है."

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. कोणी खोकलं. हेरिमला वाटलं, लोक ऐकताहेत. ती नवऱ्याच्या बाजूला येऊन गायला लागली, तीच झोपाळ्याची चाल, रविवारचे शब्द. पहिल्या रांगेत भीमाबाईचा चेहरा उजळला. ही चाल तिची होती. रोज दुपारची. तिनं डावा हात उचलला, ओठ जमवले आणि अख्ख्या समाजासमोर, लकव्यानंतर कधी निघाला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात, गाऊन म्हणाली, "ये-शू."

आणि धोंडबाकडे पाहून हसली. बघा, जमलं.

"धोंडबाभाऊ," नत्थू हळूच म्हणाला, "वहिनीले त्याइच्या धर्मात कवा देऊन टाकलं?"

"नत्थ्या, तोंड सांभाळ! माह्या बापानं नागपूरले बाबासाहेबासमोर धर्म घेतला. एकदा घेतला, पुरला. दुसऱ्यांदा कावून घेऊ?"

"मले नको सांगू. त्याइले सांग," नत्थूनं मोबाइलकडे बोट दाखवलं. त्याचाही चेहरा उतरला होता. "बंद कर ना पोरी ते! आपलं आपल्यात ठेवा."

आपल्यात काही राहिलं नव्हतं. अंधार पडायच्या आत लाइव्ह पाहून आलेली कुठली कुठली अनोळखी पोरं घराच्या फाटकाशी जमून धर्मांतराविरुद्ध घोषणा देत होती. विहारातलं त्यांच्यात कोणी नव्हतं. वरची चांदणी कोणीतरी काठीनं पाडली. पोलिसांची गाडी आली आणि घरच्या माणसांना, पाहुण्यांना ठाण्यावर घेऊन गेली.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याला घरी जायचं होतं. "देखो बाबा, दो बातें हैं. या तो इन्होंने तुमको धोखे में रखा, या तुम्हारे घर में धर्मांतरण चल रहा था. कौन सी लिखूँ?"

धोंडबा बाकावर बसलेल्या हेरिमकडे पाहायला गेला, ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती सुजाताची मूठ मिटवून एकेक बोट कसं उघडायचं ते दाखवत होती, घाईघाईनं, आगगाडी सुटायच्या आधी निरोप सांगतात तसं. अंगठा आधी नाही. अंगठा शेवटी.

"बाबूजी," सुजाता म्हणाली, "मले मालूम होतं. लिवाचं असन तं माहं नाव लिवा."

"तू चूप राय."

तिचं नाव लिहिलं तर अमरदीपची नोकरी, घर, समाज. घरात धर्मांतरण चालायचं असं लिहिलं तर बापाची दीक्षा बाटते. धोंडबानं सगळं दोनदा मनात फिरवून पाहिलं, आणि दोन्ही वेळा सगळ्यांत स्वस्त तीच दोघं निघाली. परदेशी माणूस, उद्या जाणारच.

"धोका देला," तो म्हणाला. "आमाले फसवलं."

त्यांना परत धाडायचं ठरलं. जाताना सामान घ्यायला आले तेव्हा धोंडबा फाटकाशी उभा होता. दोघं कमरेतून वाकले, पहिल्या दिवसासारखेच, पाठ सरळ. धोंडबानं सवयीनं मागे वळून पाहिलं. मागे काहीच नव्हतं. ऑटो उभा होता, बस्स.

भीमाबाई दुपारी दाराकडे बघायची. मग बघणं सोडलं. सुजातानं एकदा बोटं उघडता उघडता ती चाल धरली, तर संध्याकाळी नत्थू येऊन सांगून गेला, "बाई, तुयं खरं असंल, पण ते चाल आता या घरातून नको. खिडकीतून जाते." सुजातानं खिडकी लावून पाहिली. भीमाबाईनंच तिच्या तोंडावर हात ठेवला. त्या दिवशी आपण गायलो आणि लोक ओरडले, एवढं तिला पक्कं समजलं होतं.

एका दुपारी घरात कोणी नाही असं पाहून धोंडबा स्वतः खाटेशी बसला. चाल त्याला अर्धीच येत होती. कोक ओव्हनच्या धुरानं खरवडलेल्या गळ्यानं तो पुटपुटला, "अ-वो. म्हण ना. अ-वो."

"ना," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

तर बाकी अशी निघाली. नत्थूची खुर्ची नत्थूकडेच राहिली. साहेब वेळेवर घरी गेला. जिनसू आणि हेरिमला तिकडच्या मंडळीत सांगायला छळाची गोष्ट मिळाली, आणि ती ऐकून लोक रडलेही असतील. धोंडबाची इज्जत वाचली. विहारात त्याला आता दुसऱ्या रांगेत जागा देतात आणि जयभीमही घालतात. भरलं ते सगळं एकट्या भीमाबाईनं. तिच्याजवळ तीन-चार शब्द होते, तेवढे तिनं देऊन टाकले, आणि पाचवा, जो धोंडबासाठी ओठांपर्यंत आला होता, तोही.