तीन कोलांट्या झेललेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. पँटचा नव्हे, शर्यतीच्या गाडीचा. दोन पट्ट्या खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक मांड्यांमधून येऊन पोटावरच्या एकाच कुलपात अडकतात, असे माझे अंग आहे.

कारखान्यात हजारो धागे विणून, सुयांनी टोचटोचून मला शिवले. त्याच दिवशी माझ्या शेजारच्या भावाला यंत्रात धरून दोन्हीकडून ओढले. तो ताणत गेला, ताणत गेला आणि बंदुकीसारखा आवाज होऊन फाटला. "झकास! ठरल्यापेक्षा जास्त ताण सोसला!" तपासनीस म्हणाला आणि त्याने माझ्यावर शिक्का मारला. भाऊ मेला म्हणून मी पास झालो.

माझी गाडी एक बाई चालवायच्या. त्यांचे मिस्त्री त्यांना ताई म्हणत, आणि ताईंची दहा वर्षांची चिंगी मिस्त्रींना काका म्हणे. शर्यतीआधी काका सीटला गुडघा टेकवून मला आवळायचे.

"ताई, श्वास घेता येतोय?"

"येतोय."

"मग अजून ओढतो."

"काका, शर्यत जिंकायचीय, जीव नाही घ्यायचा माझा!"

तीन वर्षे अशी गेली. मग एका वळणावर मागून धडक बसली. आमची गाडी भिंतीवर आदळली, उडाली आणि तिने तीन कोलांट्या खाल्ल्या. काच फुटली, दार चुरगळले, एक चाक निखळून भिरभिरत गेले. दर कोलांटीला ताईंचे अंग दगडासारखे माझ्यावर येऊन आदळत होते. त्यांच्या गळ्याजवळचे हाड माझ्याखाली कडकन मोडले, ते मी ऐकले. माझ्या पोटातले धागे तटातट तुटत होते. तरी मी सोडले नाही.

ताई वाचल्या. माझे केवढे कौतुक झाले!

आता आमच्या धंद्यातली रीत ऐका. ज्या पट्ट्याने एकदा अपघात झेलला, त्याला त्याच दिवशी कापून टाकतात. वरून तो धडधाकट दिसतो, पण त्याची ताकद खर्ची पडलेली असते. काका मला कापणारच होते, पण पट्टे बनवणाऱ्या कंपनीचे साहेब मध्ये पडले. "अहो, हा हिरो आहे आमचा! काचेत ठेवतो. नुसता बघायला." काकांनी पुटपुटत चाकू खाली ठेवला.

साहेबांनी मला धुऊन-पुसून शर्यतीच्या सामानाच्या मोठ्या प्रदर्शनात नेले. केवढा तो मांडव! चारी बाजूंनी इंजिने गुरगुरत होती, टायर किंचाळत होते, कानठळ्या बसत होत्या. भिंतीभर पडदे, आणि पडद्यांवर फक्त अपघात. गाड्या फुटत, पेटत, आणि लोक टाळ्या पिटत. आमच्या स्टॉलवर मी काचेच्या पेटीत होतो. शेजारी उलटणारी खुर्ची होती. माणसाला तिच्यात बांधायचे, गरकन उलटे करायचे आणि हिसका देऊन थांबवायचे. कंपनीचा पट्टा किती भक्कम, हे दाखवायची ती युक्ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खुर्चीच्या पट्ट्याचे कुलूप बिघडले, लागेचना. रांगेतले लोक शिट्ट्या मारू लागले. साहेबांनी माझी पेटी उघडली.

"साहेब, तो अपघाताचा आहे," स्टॉलवरची मुलगी म्हणाली.

"म्हणून तर! तीन कोलांट्या झेलल्यात त्याने. याच्याहून भरवशाचा कोण असणार?"

मित्रांनो, मला तोंड असते तर मी मांडव डोक्यावर घेतला असता. मला खुर्चीला जोडले. चार दांडगे पुरुष बसले, उलटले, हसत उतरले. दर हिसक्याला माझ्या डाव्या खांद्याची शिवण उसवत होती. पाचवी आली चिंगी.

"आईला वाचवलं ना याने? मग मला हाच पाहिजे!"

हात गळ्यात बांधलेल्या ताई काकांबरोबर शेजारच्या स्टॉलवरून येत होत्या. काकांनी मला ओळखले. ते ओरडले, "थांबवा! अरे, थांबवा ते!" पण टायरच्या किंचाळण्यात ऐकतो कोण? खुर्ची उलटली. हिसका बसला. माझा खांदा फाटला.

चिंगी खाली लोंबकळली आणि तिचे कपाळ लोखंडी दांड्यावर आपटले. मी कमरेने तिला धरून होतो, पण तेही सुटत होते. काकांनी झेप घेऊन तिच्या डोक्याखाली हात घातला. खुर्ची परत फिरली आणि त्या हातावर आली. हाड मोडल्याचा तो आवाज मला ओळखीचा होता. लोकांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटले, हाही खेळच!

ताईंनी एका हाताने कुलूप उघडले. चिंगीच्या कपाळातले रक्त माझ्यावर टपकत होते.

"ताई, किरकोळ लागलंय हो," साहेब म्हणाले. "पट्टा तेवढा जपून काढा, पुढच्या प्रदर्शनाला—"

ताईंनी त्यांच्या कानाखाली अशी वाजवली की टायरवालेही थांबले. मग टेबलावरचा कागद कापायचा चाकू उचलला. पण एका हाताने मला कापणार कशा?

"चिंगे, हे टोक धर. घट्ट."

"पण आई, याने तुला वाचवलं होतं..."

"हो, म्हणूनच. याचं काम झालंय, बाळा."

चिंगीने रडत रडत मला ताणून धरले. ताई एकेक पट्टी कापत गेल्या. मला दुखले नाही. वाचवायला आलेली वस्तूच मारायला निघाली होती, त्यापुढे हे काय दुखणार?

मित्रांनो, ज्याने तुमच्यासाठी मार खाल्ला, त्याचे आभार जरूर माना. पण त्याला पुन्हा मार खायला उभे करू नका. धुऊन-पुसून चमकवलेला पट्टा दिसला, तर बांधण्याआधी विचारा, "याला आधी कधी लागलं होतं का?" उत्तर हो आले, तर चाकू मागा.