दोलोतचं म्हणणं

"वरच्या कुरणातल्या झऱ्याला कुंपण घातलं गेलं आहे. गावची गुरं कुंपणाबाहेर आहेत, शहरातले व्यापारी मेदेर यांची आत. कुरण समितीचे अध्यक्ष दोलोत यांचं म्हणणं :                    "

पेरिझातच्या फोनवरच्या बातमीत ही जागा कोरी होती. ती पाहून दोलोतला आधी बरं वाटलं. आपल्याला विचारतंय कोणीतरी. मग घाम फुटला. शुक्रवारी समितीची निवडणूक होती.

"काहीही लिहिलं तरी चालेल?" त्यानं विचारलं.

"काहीही," पेरिझात म्हणाली. तिचं बातमीपत्र म्हणजे नारिन शहरातली एक खोली, दोन माणसं आणि एक लॅपटॉप. दोलोत फोन उचलत नव्हता म्हणून ती घोड्यावर बसून स्वतः वर आली होती. "तुमचं म्हणणं घेतल्याशिवाय मी छापत नाही, काका. आणि घेतलं की अक्षरही बदलत नाही. पाठवायच्या आधी वाचून दाखवते."

दोलोत यांचं म्हणणं : "कुंपण जनावरांच्या भल्यासाठी आहे."

"अर्ज केला होता का जनावरांनी?" चुलीपाशी बसलेली बायको, उर्कूया, म्हणाली.

दोलोत यांचं म्हणणं :

"हे बघ पोरी," दोलोत म्हणाला, "पाहुण्याला उपाशी ठेवून बोलायची आमची रीत नाही." आणि त्यानं मेंढी कापली.

पेरिझातनं पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला, कारण तेवढं कोणालाच नाकारता येत नाही. बाकी जेवणाला ती नको म्हणाली. तिचं म्हणणं कोणी घेतलं नाही.

मटण शिजायला वेळ लागतो. तेवढ्यात शेजारच्या तंबूतून अब्दिलास आजोबा आले. गावात त्यांच्याहून म्हातारं कोणी नव्हतं, आणि शिजत्या मटणाचा वास त्यांना कोणाच्याही आधी लागायचा. दोलोतला वाटलं, बरं झालं, साक्षीदार मिळाला. तो घसा खाकरून म्हणाला, "लिही. मी त्या माणसाला ओळखत नाही."

दोलोत यांचं म्हणणं : "मी त्या माणसाला ओळखत नाही."

"झालं?" पेरिझातनं विचारलं.

"झालं."

उर्कूयानं पातेल्यावरचं झाकण जरा जोरातच ठेवलं.

मटण परातीत आलं आणि बाहेर कुत्री भुंकली. आपली गुरं बघायला आलेला मेदेर धूर पाहून वळला होता. दारातूनच त्यानं "सलाम, दोलोतकाका!" म्हटलं, बूट काढले आणि आत येऊन बसला. आत कुठे बसायचं ते त्याला सांगावं लागलं नाही. कुत्रीही एव्हाना गप्प झाली होती.

आता हाडं वाटायची. कोणाला कुठलं हाड द्यायचं हे यजमानाच्या मनावर नसतं, वयावर असतं. कमरेचं हाड सगळ्यांत थोर, ते सगळ्यांत म्हाताऱ्याला. दोलोतनं ते अब्दिलास आजोबांपुढे ठेवलं. पेरिझातला बरगडी दिली. मेदेर पस्तिशीचा, त्यालाही बरगडी. रीतीप्रमाणे एकदम चोख. दोलोतनं सुटकेचा निःश्वास सोडला.

मेदेरनं बरगडी उलटीपालटी करून पाहिली.

"काय काका, उन्हाळाभर मला कमरेचं हाड देत होतात. या मेंढीला कंबर नव्हती की काय?"

आजोबांनी आपलं हाड जरा जवळ ओढलं.

"पाठवायच्या आधी वाचून दाखवते म्हणाले होते," पेरिझात म्हणाली. तिनं बोटं पुसली, फोन काढला आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचलं : "कुरण समितीचे अध्यक्ष दोलोत यांचं म्हणणं : मी त्या माणसाला ओळखत नाही."

"कुठल्या माणसाला?" मेदेरनं विचारलं.

दोलोत परातीतली हाडं सारखी करू लागला.

"दोलोतकाका, कुठल्या माणसाला?"

खोटं बोलायला दोलोतची तशी हरकत नव्हती. समितीत बारा वर्षं काढली होती त्यानं. पण आपण जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानापाशी बसून आपला पाव मोडणाऱ्या माणसाला, त्याच्या तोंडावर, तुला ओळखत नाही म्हणायचं? दोलोतच्या बापानं घरात शिरलेल्या घोडेचोराला आधी जेवू घातलं होतं, मग झोडपलं होतं. त्यानं उर्कूयाकडे पाहिलं. ती शोरबा ढवळत होती.

"बदलता येतं का गं?" त्यानं विचारलं.

"पाठवेपर्यंत येतं."

"मग खोड ते."

दोलोत यांचं म्हणणं :

पुन्हा कोरं. मेदेर खायचा थांबला. दोलोतनं सुरी पुसली, आणि शुक्रवार, खुर्ची, समितीचा शिक्का, सगळं एकदा मनात आणून पाहिलं.

"लिही. ओळखतो."

"आणि कुंपण?"

"त्याच्याचसाठी घातलं. मीच घातलं."

दोलोत यांचं म्हणणं : "ओळखतो. कुंपण त्याच्याचसाठी घातलं. मीच घातलं."

तिनं पुन्हा वाचून दाखवलं. दोलोतनं मान हलवली. मेदेर उठला, बूट चढवले आणि कुत्र्यांमधून निघून गेला. त्याची बरगडी तशीच राहिली. फोनला रेंज मिळावी म्हणून पेरिझात टेकडीकडे निघाली.

अब्दिलास आजोबांनी हाड स्वच्छ करून खाली ठेवलं.

"दोलोत," ते म्हणाले, "एवढ्याशा बोलण्यासाठी मेंढी कापलीस?"

"तुम्हाला कमरेचं मिळालं ना?" उर्कूया म्हणाली. "मग जेवा." आणि मेदेरची राहिलेली बरगडी तिनं नवऱ्यापुढे सरकवली.