टिकारामची इंग्रजी

सुखवंताला इंग्रजी येत नव्हती, असं कोणी म्हणू नये. मुर्री गावच्या त्या पोरीनं सातवीपर्यंत शाळा केली होती, इंग्रजीचं पहिलं पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. नवरा तापानं गेला आणि ती माहेरी परतली तेव्हा तिच्या पेटीत दोन लुगडी आणि ते पुस्तक, एवढाच संसार होता. वाचायला यायचं हो, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. आणि आता नेमकं बोलण्याचंच काम पडलं होतं.

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्सचं शिक्षण देणार होते. सातवी पास बाई चालेल, विधवा चालेल, पण मेट्रनबाई मुलाखत घेणार ती इंग्रजीतून. शाळेच्या गुरुजींनी अर्ज भरून दिला. भाऊ कुंजीलाल ओसरीवर बसून सगळं ऐकत होता.

"जा बापा, कर तुह्या मनाचं," तो म्हणाला. "नर्स झाली त बरंच हाये, चार लोकं बाई म्हणतीन. नाही झाली त धान कापून झाल्यावर आमगाववाल्यासंग पाट लावून देतो. मंग रडू नको."

आमगाववाला म्हणजे पन्नाशीचा बाप्या. दोन बायका मेलेल्या, तीन पोरं घरात. बायको नव्हे, राबायला हात पाहिजेत, हे त्यानं पहिल्याच बैठकीत तोंडानं सांगितलं होतं. मेल्यानं लाज तरी बाळगायची! सुखवंतानं ते दाराआडून ऐकलं. नर्स व्हायचं, नाहीतर त्या घरात जायचं. तिसरी वाट नव्हती.

गावात इंग्रजी बोलणारा माणूस एकच, म्हातारा टिकाराम. गोंदियाला रेल्वेच्या गोऱ्या साहेबांच्या बंगल्यावर एकतीस वर्षं खानसामा होता. सत्तेचाळीस साली शेवटचा साहेब विलायतेला गेला आणि हा गावी आला. चार वर्षं त्याची इंग्रजी कोणी विचारली नव्हती. सुखवंता वही घेऊन दारात उभी राहिली तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे असे उजळले की बघत राहावं. एक पैसा घेणार नाही म्हणाला, आणि घेतला नाही.

ती वही उघडून बसायला गेली तर खेकसला, "बसून इंग्रजी येत नाही व बाई! उठ, उभी राय."

त्यानं तिच्या हातात पितळेचं ताट दिलं, ताटात पाण्यानं भरलेला गिलास. मान खाली. आधी दोन पावलं पुढे, मग वाक्य, मग एक पाऊल मागे. त्याला इंग्रजी अशीच येत होती, ताटासकट. ताट खाली ठेवलं की त्याचं स्वतःचं वाक्य अडायचं.

"येस, मॅडम. ॲट वन्स, मॅडम. ॲज यू प्लीज, मॅडम. माय फॉल्ट, मॅडम. व्हेरी काइंड ऑफ यू, मॅडम."

रोज दुपारी, भांडी आटोपली की ती जायची. वहीत एका बाजूला वाक्य, दुसऱ्या बाजूला अर्थ. आत्ता आणते. तुमची मर्जी. चूक माझीच. तुमचे मोठे उपकार. दोन महिन्यांत दोनशे चाळीस वाक्यं झाली. एकही अडखळत नव्हतं, गिलासातला एक थेंब सांडत नव्हता. "माह्यापेक्षा साफ बोलून राहिली!" असं टिकाराम ज्याला त्याला सांगत सुटला. पोरीलाही वाटलं, आपण गड जिंकला. वेडी ती! तिला तरी काय कळावं?

आश्विनात नागपूरला मुलाखत झाली. मेट्रनबाईंनी खुर्ची दाखवली, बस म्हणाल्या. सुखवंता बसली नाही. साहेबापुढे खुर्चीवर बसायचं नसतं, हा तर पहिलाच धडा. हात पोटाशी, मान खाली.

बाईंनी विचारलं, तुला नर्स का व्हायचंय? आणि ऐका, सुखवंताला तो प्रश्न शब्दन् शब्द समजला. उत्तरही छातीत तयार होतं. नवरा नऊ दिवस तापात जळत होता, आणि घरात एकालाही ठाऊक नव्हतं की त्याला पाणी पाजावं की बंद करावं. ती उशाशी बसून नुसती बघत होती. पुन्हा असं नुसतं बघत बसायचं नाही, म्हणून व्हायचं होतं तिला नर्स. पण हे सांगायचं कोणत्या वाक्यात? दोनशे चाळीस वाक्यं तिनं मनातल्या मनात पालथी घातली. एकात "मला वाटतं" नव्हतं, एकात "मला पाहिजे" नव्हतं.

"ॲज यू प्लीज, मॅडम," ती म्हणाली.

रोग्यानं औषध घ्यायला नकार दिला तर तू काय करशील?

"माय फॉल्ट, मॅडम." आणि एक पाऊल मागे.

मेट्रनबाई वाईट नव्हत्या हो. उलट खूश झाल्या. किती अदब, किती स्वच्छ उच्चार, असं शेजारच्या डॉक्टरांना म्हणाल्या. मग कारकुनाला काहीतरी सांगितलं आणि त्यानं हिंदीत समजावलं, "नर्स का काम तुमसे नहीं होगा. मगर इन मेमसाहब के बंगले पर आया की जगह खाली है. कल से आ जाओ."

सुखवंतानं पहिल्यांदा मान वर केली. "मले आया नाही बनाचं, बाई," ती कशीबशी बोलली. "मले नर्स बनाचं हाये. मी शिकीन."

"इंग्लिश, प्लीज," बाई हसून म्हणाल्या.

तिनं तोंड उघडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून सवयीनं आलं, "व्हेरी काइंड ऑफ यू, मॅडम." कारकुनानं नर्सच्या यादीतून तिचं नाव खोडलं.

घरी कुंजीलालनं ऐकलं आणि तांब्या आदळला. "आया? पवाराची पोट्टी लोकायची पोरं धुवाले जाईन? आमाले तोंड दाखवाले जागा नाही राहणार!" दुसऱ्याच दिवशी त्यानं आमगावला निरोप धाडला. वहिनीनं हळद कुटायला घेतली.

संध्याकाळी टिकाराम आला, गुळाचा खडा घेऊन. "एका झटक्यात मेमसाहेबचा बंगला! मले त दोन साल लागले होते! रडून काऊन राहिली व? नोकरी लागली ना?"

तिनं डोळे पुसले. या माणसावर चिडावं तरी कसं? होतं नव्हतं ते सगळं त्यानं दिलं होतं.

"काकाजी," तिनं विचारलं, "'हे मी नाही करणार', असं इंग्रजीत कसं म्हणतेत?"

टिकारामचे हात आपोआप ताट धरल्यासारखे पुढे आले, तरी वाक्य आलं नाही.

"नाही बाई," तो शेवटी हळूच म्हणाला, "एकतीस सालात थे मले कोणी बोलूच नाही देल्लं."