काळ्या टायपाची पत्रिका

लोणावळ्याच्या बाजारातल्या छापखान्यात कोंडाजी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. मालकांनी कुठूनसा एक इंग्रजी टाईप आणला होता, ओल्ड इंग्लिश नावाचा. जाडजूड, काळाकुट्ट, जागोजागी टोकं काढलेला. अक्षरं अशी दाटीने उभी, की जणू एका घोंगडीखाली चौघं शिरलेत. साहेबांच्या मेजवानीचं कार्ड असो, शाळेचं सर्टिफिकेट असो, की धरणवाल्यांची जमीन ताब्यात घ्यायची नोटीस, मथळ्याला तोच. कोंडाजीचा त्याच्यावर भारी जीव.

म्हणून लेकीच्या, मुक्ताच्या लग्नपत्रिकेलाही त्याने हौसेने तोच मथळा लावला आणि पहिली पत्रिका घेऊन धरणाखाली जाणाऱ्या खोऱ्यात मेव्हण्याकडे, भिमाजीकडे गेला. मामा पाठीशी नसेल तर पोरगी बोहल्यावर उभी कशी राहणार?

भिमाजीने लांबूनच कागद पाहिला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"दाजी, तुमीबी?"

"आरं, मुक्तीची पत्रिका हाय. वाचून दावतो."

"गेल्या साली धरनाच्या कारकुनानंबी असंच वाचून दावलं. नुसती मोजणी हाय म्हनला. आमच्या वाडीतल्या बारकूनं कागद हातात घेतला, की झाली नोटीस लागू. भाताची खाचरं गेली त्याची. ही काळी अक्षरं आमी वळखतो. हात न्हाई लावायचा."

सगळी वाडी तशीच हात मागे धरून उभी राहिली. कोंडाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येऊन त्याने पत्रिका बारीक मराठी अक्षरांत पुन्हा छापली, भोवती नाजूक वेलबुट्टी लावली. ती मात्र भिमाजीने कपाळाला लावून घेतली.

ही गंमत कोंडाजीने मालकांना सांगितली. गंमत कुणाला सांगावी एवढं तरी भान माणसाला हवं! मालकांनी ती धरणवाल्यांच्या कारकुनाच्या कानावर घातली. लगेच खोऱ्याच्या नोटिशीचं काम आलं: काळा मथळा नको, बारीक अक्षर, आणि वेलबुट्टी त्या पत्रिकेचीच.

"मला न्हाई जमायचं," कोंडाजी म्हणाला.

"नको जमवू," मालक शांतपणे म्हणाले. "पण राहतोस माझ्या खोलीत, मांडव घालतोयस माझ्या अंगणात. तेवढं ध्यानात ठेव."

कोंडाजीने खिळे जुळवले. वाडीला निरोप धाडावा असं रोज मनात यायचं, पण मालकांना कळलं तर मांडव मोडेल या भीतीने तो गप्प बसला. एकदा अक्षता पडू देत, मग सांगू, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

लग्नाला भिमाजी नवा फेटा बांधून आला. आल्याआल्या त्याने बंडीतून वेलबुट्टीच्या कागदाची एक घडी काढली.

"दाजी, दुसरी पत्रिका कशापायी धाडली? एक मानूस घेऊन आलता. म्या म्हनलं सगळ्यांस्नी, ही आपल्या दाजीची वेल हाय, बिनघोर घ्या. समद्या वाडीनं घेतली."

कोंडाजीने तोंड उघडलं. समोर पाटावर मालक बसले होते. भटजींनी अंतरपाट धरला, आणि भिमाजी मुक्ताच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. मंगलाष्टकं सुरू झाली. कोंडाजी सगळ्यांबरोबर अक्षता टाकत राहिला.