ओंकारी दुधी

डोणगावात पंजाबरावांच्या परसात श्रावणभर जत्रा भरली होती. मांडवाला लटकलेल्या एका दुधीच्या पोटावर ॐ उमटला होता. चांगला जाड, उठावदार, हात फिरवला तर बोटांना लागेल असा. बाया हळदकुंकू वाहत होत्या, गडीमाणसं नारळ फोडत होती. खाली घोंगडीवर वेलबाबा डोळे मिटून बसले होते. चढाव्याचं नाणं पडल्याचा आवाज झाला की तेवढा एक डोळा उघडायचा.

"बीज देवाचं, वेल देवाचा, फळात साक्षात परमेश्वर!" बाबा गरजत. "जो शंका घेईन, त्याच्या घरचा वेल वाळीन!"

झालं! शंका घ्यायची कोणाची छाती?

पंजाबरावांना आजवर गाव हसत आलं होतं. जातील त्या बाजारातून ते तऱ्हेवाईक बी आणायचे. पांढरी वांगी, हातभर चवळी, बाकदार मानेचा दुधी. "हे खायचं का नुसतं पाह्यचं, पंजाबराव?" असं विचारणारेच आता त्यांच्या ओट्याची माती कपाळाला लावत होते. त्यांना ते आवडत होतं, खोटं कशाला बोला! वेलाला पहिली फळं धरली तेव्हा भिक्षेला आलेल्या बाबांना गोठ्यात मुक्कामाला त्यांनीच ठेवून घेतलं होतं. पहाटे वेलाला पाणी घालायचा मान बाबांचा. त्या वेळी परसात कोणी फिरकायचं नाही, असा हुकूम होता.

घरात दुखणं होतं ते अन्नपूर्णाबाईंचं. त्यांच्या पोटात कळा येत. मेहकरचे डॉक्टर बद्रुद्दीन म्हणाले होते, "अकोल्याला नेऊन तपासून आणा." जाण्याची तयारीही झाली होती.

"अकोल्याले कायले?" बाबा म्हणाले. "ओंकाराचा रस पाजा. दुखणं मुळासकट उपटते का नाई पाहा!"

शेवटच्या सोमवारी दुधी उतरवला. अन्नपूर्णाबाईंनी तो विळीवर धरला आणि नेहमीसारखी देठाकडची एक चकती काढून तोंडाशी नेली. दुधी चाखल्याशिवाय चिरायचा नाही, ही त्यांना आईनं लावलेली सवय.

"बाई!" बाबा ओरडले. "देवाच्या आधी तू खातं? नैवेद्य उष्टा करतं?"

सगळं परस त्यांच्याकडे पाहू लागलं. शरमेनं त्यांनी चकती खाली ठेवली.

दुधी किसला, पिळला, देवाला दाखवला. पेला पंजाबरावांनीच हातात दिला. पहिल्या घोटालाच अन्नपूर्णाबाईंचं तोंड वाकडं झालं.

"अवो, कडू जहर हाय हे. मले नाई पेवल्या जात."

"कडू लागते तो रोग हाय, बाई! तोच निघून राह्यला. थुकशीन तं देवाले थुकशीन!"

"पे व," पंजाबराव म्हणाले. "लोकं पाहून राह्यले."

अन्नपूर्णाबाईंनी डोळे मिटून पेला संपवला.

घटकाभरानं ओकाऱ्या सुरू झाल्या. मग रक्त पडू लागलं. बैलगाडी मेहकरला पोचली तेव्हा हातपाय गार पडले होते. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सारं केलं, पण अन्नपूर्णाबाई गेल्या.

"दुधी चाखला नव्हता?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

पंजाबरावांनी नकारार्थी मान हलवली.

"कडू दुधीत विष असतं, पंजाबराव. मागच्या साली जवळपास कडू तुंबा लावला होता का?"

लावला होता. एकतारीचा भोपळा कसा वाढतो ते पाहायची हौस म्हणून, अगदी कुंपणाला.

"मधमाश्या इकडचा पराग तिकडे नेतात. त्या दुधीचं बी तुम्ही धरलं, त्यातून हा कडू निघाला. देवाचा यात काही संबंध नाही."

मसणातून परतले तेव्हा बाबा आणि चढावा दोन्ही पसार झाले होते. पंजाबराव मांडवाखाली गेले. पानाआड मुठीएवढा कोवळा दुधी लोंबत होता. त्याच्या सालीवर अर्धाच ॐ ओरखडला होता, आणि खाली मातीत बाभळीचा काटा पडला होता. पंजाबरावांनी तो काटा उचलून न्याहाळला. मग त्याच काट्यानं त्यांनी शेजारच्या कोवळ्या फळावर काहीतरी कोरलं.

तेरवीला सारं गाव जमलं. पंजाबरावांनी माणसांना मांडवाखाली नेलं. दुधी वाढला होता आणि त्याच्याबरोबर ओरखड्यांचे वणही फुगले होते. ठसठशीत अक्षरं होती, 'अन्नपूर्णा'.

"व माय! बाई देवी झाली!" शेजारच्या गोजरबाईंनी हात जोडले. मागोमाग सगळ्यांचे हात जुळले. कोणीतरी नारळ आणायला धावलं.

"हात खाली करा!" पंजाबराव किंचाळले. "मी लिवलं हे! या काट्यानं! कोवळ्यावर ओरखडा, फळ वाढते तसा वण वाढते. त्या भामट्यानं हेच केलं. पहाटे पाणी घालाच्या नावानं!"

त्यांनी सगळ्यांसमोर एका कोवळ्या फळावर रेघ ओढून दाखवली. मग नावाचा दुधी तोडला, देठाकडून चिरला आणि गोजरबाईंपुढे चकती धरली.

"नुसती जीभ लावा."

गोजरबाईंनी भीतभीत जीभ लावली आणि पचकन थुंकल्या.

"थुकल्या ना?" पंजाबराव म्हणाले. "तिलेही थुकाचंच होतं. म्या थुकू नाई देल्लं."

नारळ आणायला गेलेला माणूस तेवढ्यात परत आला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी पंजाबराव दारात आलेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होते, तीच इथं सांगून ठेवतो. देवाचं असो की माणसाचं, पोटात घालण्याआधी चाखा. कडू लागलं की थुंका, मग समोर कोणीही बसलेला असो.