पाय मागे राहिलेला त्रिकोण

मी एक जुना त्रिकोण आहे. हसू नका, मित्रांनो. त्रिकोण कुठे म्हातारा होतो का, असे तुम्ही म्हणाल. तीन रेघा आणि तीन कोपरे, त्यात झिजण्यासारखे काय आहे? पण जो जन्मभर एका कुशीवर तिरका उभा आहे, त्याला विचारा. भूमितीच्या पुस्तकात लंबाचा धडा उघडलात की डाव्या पानावर जो कलंडलेला त्रिकोण दिसतो, तो मीच. माझ्या डोक्यावर अ आहे, खाली ब आणि क. अ पासून बक या बाजूवर एक लंब टाकला आहे आणि तो जिथे टेकतो त्या जागेचे नाव ड. पुस्तकी भाषेत तो लंबपाद. माझ्या घरात मात्र त्याला सगळे माझा पायच म्हणतात. या पायापायीच आज मी बोलायला उभा राहिलो आहे, नाहीतर एवढे बोलण्याची ताकद माझ्यात उरलेली नाही.

मला कुणी पेन्सिलीने काढले नाही. मी लिहिला गेलो. पुस्तक छापण्याआधी त्यातली अक्षरे जुळवावी लागतात ना, त्या कामासाठी कॉम्प्युटरला आज्ञा देण्याची एक भाषा आहे. तिच्यात आकृती काढत नाहीत, कशी काढायची ते सांगतात. इथे एक बिंदू ठेव, तिथे दुसरा ठेव, दोघांमध्ये रेघ ओढ. आपण सांगावे आणि यंत्राने निमूट ऐकावे. अशा मूठभर ओळींचा कोड म्हणजे मी. कागदावर तुम्हाला दिसतो तो माझा नुसता चेहरा.

मला लिहिणाऱ्या बाईंना छापखान्यात आकृतीबाई म्हणत. पूर्वी त्या शाईच्या पेनने पारदर्शक कागदावर आकृत्या काढायच्या. त्यांनी काढलेली रेघ सुतासारखी सरळ असायची. मग त्यांचा हात थरथरू लागला. आधी एका वर्तुळाला शेपूट फुटले. मग एका चौरसाची बाजू लाटेसारखी आली. छापखान्याचे मालक सभ्य, तोंडाने काही बोलले नाहीत, पण आकृत्यांचे लिफाफे बाईंच्या दारी येईनासे झाले. बाई दिवसभर मागच्या खोलीत रिकाम्या टेबलाशी बसून राहत. शेवटी त्यांच्या मुलाने लांबच्या नोकरीवर जाण्याआधी त्या टेबलावर एक कॉम्प्युटर आणून ठेवला आणि ती आज्ञांची भाषा त्यांना शिकवायला घेतली.

"आता रेघ तू ओढायची नाहीस, आई. ओढायला सांगायची."

"सांगायचं काम मला जन्मापासून जमतं," बाई म्हणाल्या. "या घरात ऐकणारं कुणी नव्हतं, एवढंच."

शिकणे सोपे नव्हते. बोट एका अक्षरावर टेकले की थरथरून तेच अक्षर तीनदा उमटे. त्या खोडत, पुन्हा लिहीत, यंत्राला शिव्या घालत. पण एके दुपारी प्रिंटरमधून कागद बाहेर आला आणि त्यावर मी होतो. माझ्या बाजू अशा सरळ होत्या की बाईंनी त्यांच्यावरून अंगठा फिरवून पाहिला. हात थरथरत होता, रेघ थरथरत नव्हती. त्या रडल्या, मित्रांनो. एका त्रिकोणाला बघून कुणी रडल्याचे मी त्यानंतर कधी पाहिले नाही. परीक्षेतली गोष्ट वेगळी.

त्या कागदावर मी चांगला सरळ बसलेला होतो. पाया खाली आडवा, डोके वर, कसे ऐटीत. पण पुस्तक लिहिणारे सर आले, चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आडवा पाया काढला की पोरांना वाटतं, लंब म्हणजे वरून खाली पडणारी रेघ. जरा कलंडवा याला." झाले. तेव्हा कलंडवला तो कायमचा. इतरांच्या कंबरेला आराम आहे, माझ्या नाही.

तिरक्या त्रिकोणात एक अडचण असते. लंब खरोखर लंब आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून बाईंनी स्वतःपुरता एक नियम केला होता. पाय कुठे आहे ते आपण सांगायचे नाही, यंत्राला शोधायला लावायचे. माझ्या कोडात तशी ओळच होती: अ पासून बक वर लंब टाक, जिथे टेकेल त्याला ड म्हण. त्या ओळीचा मला फार आधार होता. डोके कुठेही न्या, पाय आपोआप मागोमाग येई. किती माणसांचे असे होते, सांगा.

आणि डोके हलवायला सर होतेच. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की सरांना काहीतरी सुचे आणि माझी हाडे मोडत. कधी मला पसरट केले, कधी उंच केले, कधी माझ्याभोवती वर्तुळ काढून त्यात कोंबले आणि पुढच्या वर्षी ते वर्तुळ काढून टाकले. पुस्तकात पोचल्यावर तुमची पाळी. मला मिशा आल्या, दात आले, माझा तंबू झाला, एकदा तर मी शार्क झालो. गाइडवाल्यांनी माझी नक्कल करून करून माझ्या रेघा काळ्याठिक्कर केल्या. कौतुक मात्र एकदाच वाट्याला आले. सर फोनवर बाईंना म्हणाले, "ही आकृती फळ्यावर काढली की निम्मा धडा शिकवून होतो." त्या एका वाक्यावर मी बरीच वर्षे काढली.

मग बाईंच्या हाताने टाइप करणेही होईना, तेव्हा सूनबाई त्यांच्या खुर्चीत बसू लागल्या. सूनबाई हुशार आणि हाताने चपळ. आधी त्या औषधांच्या खोक्यांवरची लेबले जुळवायच्या. लेबलात अक्षर थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे सरकवायचे आणि डोळ्यांना बरे दिसले की पुढे जायचे. त्यांच्या तोंडी एक वाक्य बसलेले होते: "दिसतंय ना बरोबर? झालं तर मग." बाई तपासणीपुरत्या शेजारी बसत. पुस्तक छापायला जाण्याआधी प्रत्येक आकृतीला काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायचा, हे काम त्यांनी कुणाला दिले नव्हते. त्या म्हणत, "ज्या दिवशी मला तपासता येणार नाही, त्या दिवशी मी या खोलीतून उठेन."

अशात जुना कॉम्प्युटर बंद पडला. नव्यावर मला उघडले, तर त्याने माझ्या पायाच्या ओळीपाशी येऊन सांगितले, ही आज्ञा मला माहीत नाही. बाई हात दाखवायला दवाखान्यात गेलेल्या. तिकडून सरांचा फोन, प्रूफ आजच्या आज हवे. सूनबाईंनी काय करावे? माझे जुने छापील पान घेतले, पाय कुठे पडतो ते पट्टीने मोजले, ती ओळ पुसून टाकली आणि तिथे आकडे लिहून टाकले. पडद्यावर मी जसाच्या तसा उभा राहिलो. दिसत होते ना बरोबर, झाले तर मग. नंतर नीट करू, असे त्या मनाशी म्हणाल्याही. पण नंतर म्हटलेले काम आणि उशीखाली ठेवलेला चष्मा, दोन्ही वेळेवर सापडत नाहीत.

प्रूफ बघून सरांचा निरोप आला: अब आणि अक या बाजू सारख्या वाटतात, मुले समद्विभुज धरून बसतील, डोके जरा उजवीकडे घ्या. सूनबाईंनी अ उजवीकडे घेतला. माझे डोके गेले. पाय तिथेच राहिला. त्याला आता कुणी शोधायला सांगितलेच नव्हते.

मी तिरका असल्यामुळे कुणाला काही दिसले नाही. लंब बिचारा वाकडा झाला होता आणि त्याच्या पायाशी काटकोनाची इवलीशी चौकट खुशाल बसली होती. आत एक आणि पाटी दुसरीच. मला फार लाज वाटली, मित्रांनो. ओरडावेसे वाटले, पण आम्हाला तोंड नसते. ज्यांनी मिशा काढल्या त्यांनी तोंड नीट काढले असते तर उपयोग तरी झाला असता.

शेवटचे प्रूफ बाईंच्या टेबलावर आले. दुसऱ्या दिवशी ते छापायला जायचे होते. दवाखान्यात सांगितले होते की हात यापुढे सुधारणार नाही, आणि बाई त्या दिवसापासून गप्प गप्प होत्या. त्यांनी कंपासपेटीतला पिवळा पडलेला गुण्या काढला आणि माझ्यावर ठेवला. लंब आणि गुण्याची कड यांच्यामध्ये फट होती. त्यांनी गुण्या उचलला, पुन्हा ठेवला. फट होतीच. हात थरथरत होता, त्याबरोबर ती कमीजास्त होत होती. त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले, तर दोन्ही हात थरथरू लागले. मग त्यांनी गुण्या बाजूला ठेवला.

"अगं, इकडे ये जरा," त्यांनी हाक मारली. "सरांना फोन लाव. म्हणावं, यापुढे तपासायला दुसरं कुणीतरी बघा."

सूनबाई पदराला हात पुसत आल्या. "का? काय झालं?"

"काही नाही झालं. रेघ बरोबरच असणार, यंत्रानं काढलीय. मलाच फट दिसतेय. माझ्या हातानं आता साधा गुण्या धरवत नाही. संपलं."

सूनबाईंनी फोन उचलला आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्या पायाकडे गेली. त्यांना आठवले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला तो मी बघितला. मित्रांनो, त्या क्षणी त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळले नसते. हात थरथरतो हे साऱ्या जगाला ठाऊक होते. चूक हातावर ढकलली असती तर हात काही उलटून बोलणार नव्हता. त्यांच्या अंगठ्याखाली सरांचा नंबर होता. मी श्वास रोखून बघत होतो, म्हणजे त्रिकोणाला रोखता येईल तेवढा.

सूनबाईंनी फोन खाली ठेवला. "द्या तो गुण्या."

त्यांनी तो आपल्या हाताने ठेवला. त्यांचा हात तरुण, स्थिर. फट तशीच होती. बाई कागदाकडे बघत नव्हत्या, सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या.

"खरं सांग. हात हलतोय का रेघ वाकडी आहे?"

"हात हलतोय, आई. पण चूक हाताची नाही. याचा पाय मागे राहिलाय. नव्या मशीनला तुमची आज्ञा कळेना, म्हणून मीच आकडे घालून ठेवला होता तिथे."

बाईंनी आता कागदाकडे बघितले. मग हळूच म्हणाल्या, "अंदाजानं पाय ठेवलास? हे काय खोकल्याच्या औषधाचं लेबल आहे?"

"चुकलं माझं."

"चुकलं ते राहू दे. तू मघाशी फोन लावला असतास ना, तर मी उठलेच असते इथून." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बस. याचा पाय शोधू. नव्या मशीनला जुनी आज्ञा कळत नाही, तर आपण फोड करून सांगू. मी सांगते, तू लिही."

"सांगा," सूनबाई म्हणाल्या. "ते तुम्हाला जन्मापासून जमतं, असं ऐकलंय."

बाई सांगत गेल्या आणि या खेपेला त्या घरात ऐकणारे कुणीतरी होते.

माझा पाय आला तेव्हा ऊन कलले होते. नवा कागद निघाला आणि सूनबाई गुण्या घ्यायला पुढे झाल्या, तर बाई म्हणाल्या, "थांब, मलाच लावू दे." त्यांचा हात थरथरला, गुण्या थरथरला, फट दिसली. पण ती आता क्षणात या बाजूला दिसे आणि क्षणात त्या बाजूला. मघाशी ती सारखी एकाच बाजूला होती. बाईंच्या ते ध्यानात आले आणि त्या इतक्या हसल्या की गुण्या हातातून निसटला. "बघितलंस? हाताची फट इकडून तिकडे नाचते. चुकीची फट जागची हलत नाही." त्यानंतर बाई त्या थरथरत्या हातानेच प्रत्येक आकृती तपासत आल्या आहेत. सूनबाईंनी माझ्या कोडात, यंत्र जे वाचत नाही पण माणूस वाचतो अशा जागी, एक ओळ लिहून ठेवली आहे: इथे आकडे घालू नयेत, पाय शोधावा.

आता मी थकलो आहे. सर नव्या आवृत्तीचा विचार करत आहेत असे कानावर आले आहे, म्हणजे पुन्हा डोके हलणार. हलू दे. पाय मागोमाग येईल याची मला खात्री आहे, आणि या वयात आणखी काय हवे? तुमच्याकडे माझे मागणे थोडेच आहे, मित्रांनो. मिशा काढायच्या तर काढा, पण एकदा मला गुण्याही लावून बघा. आणि तुमच्या घरात कुणाचा हात थरथरत असेल, आणि त्या माणसाला कुठे फट दिसत असेल, तर चटकन त्या हाताला दोष देऊ नका. आधी जवळ बसा आणि रेघ तपासा.

उलटा आता पान. मला जरा कलंडू द्या. तसा मी कलंडलेलाच आहे म्हणा.